छापण्याआधी विचारलंस का?

अठ्ठावीस पानांची फाइल, गुळगुळीत कव्हर, त्यावर सोनेरी अक्षरं. आणि तक्रार काय, तर शिरोलीच्या पंपवाल्यानं ती महिनाभर ठेवून घेतली आणि काम दुसऱ्याला दिलं. 'सर, आमचा रेट त्याच्यापेक्षा कमी होता.' असेल. म्हणूनच म्हणतो, बस खाली आणि ऐक. कॉलेजात मागच्या बाकावर बसून कान बंद ठेवलेस ते चाललं. आता तुझ्या फौंड्रीवर तीस घरांच्या चुली पेटतात.

पहिली नऊ पानं कुणाची आहेत रे? आजोबांचा फोटो, भट्टीचा फोटो, आयएसओचं सर्टिफिकेट, 'आमचे ध्येय'. ज्याच्याकडून काम हवंय त्याचं नाव कव्हरवर एकदा येतं आणि मग थेट सतराव्या पानावर, तेही रेटच्या तक्त्यात. एफजी २६०, कास्टिंगचं वजन, किलोचा भाव, डिलिव्हरी. एवढंच सांगायचं होतं तर एका कागदावर कोटेशन धाडायचं होतंस. त्याला प्रपोजल कशाला म्हणतोस?

हे लिहिताना त्यांच्या गेटच्या आत कुठवर गेलास? परचेसवाल्याच्या टेबलापर्यंत. चहा प्यालास, ड्रॉइंग घेतलंस, गाडीला किक मारलीस. मशिन शॉपमध्ये डोकावलास? इनकमिंगला माल तपासणाऱ्या माणसाशी दोन शब्द बोललास? नाही. मी एक फोन केला, तिथं माझाच एक जुना विद्यार्थी आहे, आणि पाच मिनिटांत सगळं कळलं. त्यांचं दुखणं रेटचं नव्हतंच. केसिंगच्या फ्लँजवर शेवटचा कट मारला की ब्लोहोल उघडं पडतं. तोवर मशिनचे तास गेलेले, टूल झिजलेलं. जे पीस त्यातून सुटतात ते हायड्रो टेस्टला पाझरतात. मग पंपवाला डेबिट नोट काढतो, फौंड्रीवाला म्हणतो कास्टिंगचे पैसे कापा, मशिनिंगचे मी देणार नाही, आणि दर महिन्याला तेच भांडण. त्यांना हवा होता माल स्वतः मशिनिंग करून, प्रेशर टेस्ट करून देणारा माणूस. लेका, तुझ्या शेडमध्ये दोन व्हीएमसी उभ्या आहेत! फाइलमध्ये त्यांचा फोटोसुद्धा आहे. पण त्या मशिनी त्यांच्या कामाला लावायच्या हे तुला सुचलं नाही, कारण त्यांचं काम काय अडलंय हेच तुला ठाऊक नव्हतं.

आणि ते ड्रॉइंग. फ्लँज जिथं बॉडीला मिळते तिथला कोपरा तीक्ष्ण ठेवलाय. तिथं श्रिंकेज येणार हे तुला दिसलं नाही असं म्हणू नकोस, तेवढं मी शिकवलंय. दिसलं आणि गप्प बसलास, 'ऑर्डर मिळाल्यावर बघू' म्हणून. पॅटर्न तयार झाल्यावर बघणार? कच्चा मसुदा घेऊन त्यांच्या डिझाइनवाल्यासमोर बसला असतास, तर तिथं गोलाई द्यायला त्याला पेन्सिलीची एक रेघ पुरली असती. त्या रेघेसरशी ते काम निम्मं तुझं झालं असतं. आपल्या हातानं दुरुस्त केलेला कागद माणूस सहसा फेकून देत नाही.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचं नाव भाषणात बरोबर घेतोस. मग त्यांच्या पहिल्या लोखंडी नांगरांना दोन वर्षं गिऱ्हाईक मिळत नव्हतं हेही वाच. लोखंडानं जमीन नासते अशी शेतकऱ्याची धास्ती होती. ती धास्ती तुझ्या तक्त्यातल्या कुठल्या रकान्यात बसते, सांग बरं.

एवढं लांब नको. चप्पल लाइनला जा. चांगला कारागीर मापाची जोडी करायची म्हटली की आधी पाय कागदावर ठेवायला लावतो, कडेनं रेघ मारतो, रोज वापरायची की लग्नात घालायची ते विचारतो, मगच कातड्याला हात घालतो. त्याच चपलेच्या धर्तीची पादत्राणं प्रादानं जून २०२५ मध्ये मिलानच्या शोमध्ये मिरवली, कोल्हापूरचं नाव न घेता. बोभाटा झाला आणि जुलैत त्यांची माणसं इथं कारागिरांना भेटायला आली. एवढ्या बड्या कंपनीला उशिरा का होईना यावं लागलं. तुला गोकुळ शिरगावहून शिरोलीला जायला जड जातं?

आता तुझ्या सबबी. 'सर, ते वेळ देत नाहीत.' अठ्ठावीस पानं वाचायला देत नसतील. त्यांच्या रिजेक्शनबद्दल विचार, तासभर उठू देणार नाहीत. 'विचारलं तर आपल्याला येत नाही असं वाटेल.' उलटं आहे. ज्याला काही येत नाही त्याला प्रश्नच पडत नाहीत. 'आपली आयडिया दुसऱ्याला देतील.' हां, हे मात्र खरं आहे, असे महाभाग आहेत. म्हणून गेटिंग कसं करणार, रायझर कुठं ठेवणार, हे तिथं बोलू नकोस. ते तुझ्या घरातलं. त्यांचं दुखणं विचारायला आपली विद्या उघडी करावी लागत नाही. आणि सरकारी टेंडर असलं की खासगीत भेटता येत नाही, हे कारण पुढं करू नकोस. त्यासाठी प्री-बिड मीटिंग असते, शंका लेखी विचारता येतात. गेल्या वेळी त्या मीटिंगला कोण गेलं होतं? ड्रायव्हरला पाठवलं होतंस, सह्या करायला.

एक मात्र बजावतो. विचारायचं म्हणजे माना डोलवायच्या नाहीत. ते म्हणतील भिंत आणखी पातळ करा, वजन उतरेल. धातू तिथवर पोचण्याआधी थिजणार असेल तर तोंडावर नाही म्हण आणि कारण सांग. हो-हो करून ऑर्डर आणायची आणि मग भट्टीवरच्या पोरांवर खेकसायचं, हे धंदे मी पाहिलेत.

तर फाइल बाजूला ठेव. दोन कोरे कागद घे. एकावर त्यांची अडचण लिही, त्यांच्याच शब्दांत. नीट लिहिलीस की नाही हे इन्स्पेक्शनवाल्याला वाचून दाखव. दुसऱ्यावर कामाचा कच्चा आराखडा. रेटचा रकाना मोकळा सोड. मशिनिंगनंतर पीस बाद झाला तर मशिनिंगचा खर्च कुणाचा, पिग आयर्न आणि स्क्रॅपचा भाव हलला तर रेट कधी बदलायचा, सॅम्पल किती आणि पास कोण करणार, हे प्रश्न खाली लिही आणि उत्तरं त्यांना भरू दे. परचेस, क्वालिटी, मशिन शॉप, तिघं एका टेबलाशी असतील असं बघ. परचेसवाला एकटा असेल तर पुन्हा जा. परत आलास की त्याच संध्याकाळी काय ठरलं ते मेल कर. रेट त्यानंतर.

हे काम गेलं, ते आता येत नाही. पण त्यांचं दुसरं मॉडेल निघतंय, हेही त्या फोनवरच कळलं. ड्रॉइंग अजून पक्कं झालेलं नाही. उद्या सकाळी जा. पहिल्या पाळीत मशिन शॉपचा फोरमन भेटतो. आणि ते सोनेरी कव्हर इथंच ठेवून जा, माझ्या नातवाला वहीला घालायला होईल.