घरच्या शाळेचा जमाखर्च

नांदगाव, ता. कणकवली

चि. बाय हिस,


तुझं पत्र पोचलं. जूनपासून मुंबई सोडून इथल्या घरात राहायचं, जावयांनी तिठ्यावर रिक्षा लावायची आणि तिन्ही मुलांना तू घरीच शिकवायचं, देवाच्या भयात वाढवायचं, हा तुमचा बेत वाचून मला आनंद झाला. हातात पैसा बेताचाच असेल हेही तू स्पष्ट लिहिलंस. जमेल का, विचारतेस. जमेल. पण पैशाची काळजी तू नको तिथे करते आहेस, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

अमेरिकेतल्या ख्रिस्ती अभ्यासक्रमाची पानं पाठवलीस, ती सगळी वाचली. मजकूर वाईट नाही. पण किंमत डॉलरात, आणि त्यातली मुलं बर्फात खेळतात, मक्याची शेतं बघतात. आपली पोरं तरव्याच्या मुठी बांधावर पोचवतात आणि मिरगाच्या पावसात कुर्ल्या पकडतात. तो संच घेऊ नकोस. बालभारतीची पुस्तकं तिच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवून घेता येतात. 'किशोर' मासिक 1971 पासून निघतं, त्याचे जुने अंकही तिथेच वाचायला मिळतात. बायबल घरात आहेच. एवढ्यावर प्राथमिकची वर्षं निघतात. हिशेब तर इथे दारातच आहे: देवगडच्या आंब्याच्या गाड्या तिठ्यावरून जातात. पेटी चार डझनांची का पाच डझनांची, त्यातली किती फळं डागी निघाली, मग उरलेल्यांचा डझनाला भाव काय पडला, हे मोठ्याला करू दे.

तिघं तीन इयत्तांची, एकटी कशी पुरी पडू म्हणतेस. मी द्विशिक्षकी शाळेत नोकरी केली, चार इयत्ता दोन खोल्यांत. एकाच चटईवर तिघांना बसव. मोठ्याने एक परिच्छेद खणखणीत वाचायचा, मधलीने अडलेले शब्द वहीत उतरवायचे, धाकट्याने त्याच पानावर जिथे जिथे 'क' दिसेल तिथे चिंचोका ठेवायचा. पान एकच, काम तिघांना. आणि धाकट्याला समजावून सांगताना मोठ्याचं स्वतःचं पक्कं होतं. हे मी नोकरीभर पाहिलं.

आता मला खरं सांगायचं आहे ते पंडिता रमाबाईंबद्दल. आपण कॅथलिक, त्या या पंथाच्या नव्हत्या, पण घरी शिकलेल्या आणि पुढे ख्रिस्ताच्या झालेल्या मराठी बाईचं नाव घ्यायचं तर त्यांचंच घ्यावं लागेल. त्यांचा जन्म 1858 चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे. शास्त्रीबुवांनी लोकांचा विरोध पत्करून आपल्या बायकोला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवलं होतं. पुढे कर्ज झालं, घर सुटलं, आणि सगळं कुटुंब तीर्थांमागून तीर्थं पायी फिरत पुराणं सांगून पोट भरू लागलं. शास्त्रीबुवा थकले होते, म्हणून रमाबाईंना आईने शिकवलं. दिवसभर घरकाम आणि चाल, तेव्हा पाखरं उठायच्या आधी ती मुलीला उठवायची आणि पाठ घ्यायची. ना छप्पर, ना पाटी, ना मासिक उत्पन्न. त्या पाठांतून तयार झालेली मुलगी 1878 साली कलकत्त्याच्या पंडितांसमोर उभी राहिली आणि त्यांनी तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं. पैशावाचून अडतं असं वाटेल तेव्हा लक्ष्मीबाईंची पहाट आठव. तुझ्यापाशीही तीच वेळ आहे, रिक्षा बाहेर पडायच्या आधीची.

पण गोष्ट इथे संपत नाही, आणि पुढचा भाग तुझ्यासाठी जास्त मोलाचा आहे. त्या घराचं वळण कडक होतं. शास्त्राबाहेरचं काही शिकायचं नाही, बाहेरच्या जगाशी फार संबंध ठेवायचा नाही. मग मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला, आणि या विद्वान कुटुंबाला पोटासाठी करता येईल असं एकही काम येत नव्हतं. मजुरी करवत नव्हती, भीक मागवत नव्हती. वडील गेले, आई गेली, मग थोरली बहीण. रमाबाईंनी 1907 साली आपली साक्ष लिहिली, तीत हे सगळं उघड सांगितलं आहे. आईबापांविषयी अपार माया ठेवून सांगितलं आहे, पण लपवलेलं नाही.

आणि बघ, 1883 साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतल्यावर, परत येऊन मुंबईत शारदा सदन काढल्यावर, 1896–97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो मुली वाचवून आणल्यावर, केडगावच्या आपल्या 'मुक्ती' आश्रमात त्यांनी त्या मुलींना काय दिलं? प्रार्थना आणि अक्षरं दिलीच. त्याबरोबर माग दिले, शिवणकाम दिलं, शेती दिली, छापखाना दिला. उतारवयात त्या स्वतः हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल सोप्या मराठीत आणत होत्या, आणि त्याचे खिळे मुक्तीच्या बायकाच जुळवत होत्या. आपल्या घरच्या शिक्षणात जे राहून गेलं ते त्यांनी दुसऱ्यांच्या लेकींना भरून दिलं. म्हणून सांगते, तुझ्या वेळापत्रकात हाताचं काम खेळाच्या तासासारखं शेवटी टाकू नकोस. झावळं विणणं, शिवणयंत्र, बापाबरोबर रिक्षाचं इंजिन उघडणं, हे सगळं अभ्यासच.

तसंच दार बंद करू नकोस. शेजारच्यांकडे चवथीच्या गणपतीला मुलांना घेऊन जा, बसा, बोला. आपण कोण हे मुलांना ठाऊक असलं की दुसऱ्याच्या घरी बसल्याने काही जात नाही. नाताळात नेवऱ्या आणि दोदोलाची ताटं आपल्याकडूनही जायला हवीत. मुलं वाडीतल्या पोरांत खेळू देत. ख्रिस्ताने शेजाऱ्यावर प्रेम करायला सांगितलं, तर मुलांना शेजारी ओळखीचा तरी असायला हवा.

कायद्याचं थोडक्यात. शिक्षण हक्काचा कायदा 2009 चा, लागू 1 एप्रिल 2010 पासून, 6 ते 14 वयाच्या मुलांसाठी. मुलाला शाळेत घालणं आईबापांचं कर्तव्य, असं त्यात आहे. न घातल्यास दंड नाही, पण घरच्या शाळेला मान्यताही नाही. त्यामुळे शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण करणारे शिक्षक दारात येतील. त्यांना चहा दे आणि वह्या दाखव. परीक्षांसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था आहे. तिच्या तिसरी, पाचवी, आठवीच्या तोडीच्या परीक्षा असतात आणि 14 वर्षं पुरी झाली की दहावीला बसता येतं. बाहेरून परीक्षेला बसायला आपल्या राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म आहेच. आणि पुढेमागे तू थकलीस, किंवा मुलालाच शाळेत जावंसं वाटलं, तर शिक्षण हक्काच्या कायद्याच्या कलम 4 प्रमाणे त्याला वयाला साजेशा वर्गात प्रवेश मिळतो. तसं झालं तर त्यात कमीपणा मानू नकोस.

कुणीतरी सुचवेल, नाव पटावर राहू दे आणि मूल घरी ठेव, शाळेचाही पट टिकेल. नको. पहिल्याच दिवशी हजेरीत खोटं लिहून घराची शाळा सुरू करायची, आणि मग मुलाला खोटं बोलू नको म्हणायचं कुठल्या तोंडाने?

इथून घरच्या नियमांवर येते. तू लांबलचक यादी पाठवलीस आणि ती सगळी मुलांसाठी आहे. ती बाजूला ठेव. तुम्ही दोघं बसा आणि जे तुम्ही स्वतः पाळणार तेवढंच लिहा. तेर्साच्या, म्हणजे रोझरीच्या वेळी मोबाइल आल्ताराखालच्या टोपलीत, आधी जावयांचा, मग तुझा. उधारी दोघांना माहीत असल्याशिवाय नाही. जेवताना गावातल्या कुणाची निंदा नाही. सणाला घरात दारू येणार का, हे मुलं कळती व्हायच्या आत ठरवून टाका, कारण नंतर ठरवलेलं त्यांना पटत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 साली शिक्षणावर जाहीरनामा काढला, त्यात आईबाप हेच मुलांचे पहिले आणि मुख्य शिक्षक असं म्हटलं आहे. मी त्याचा अर्थ असा घेते की तपासणी आधी आईबापांची.

आणि एक गोष्ट नक्की कर. घरखर्चाची वही मोठ्याच्या हातात दे. रात्री जावयांनी दिवसाची कमाई सांगायची, त्यातून गॅसचे गेले, मासळीचे गेले, चर्चमध्ये टाकायचे बाजूला काढले, उरले किती, हे त्याने लिहायचं. कमी पडलेल्या दिवशीही लिहायचं. तंगी मुलांपासून लपवली की ती मनातल्या मनात धास्तावतात. आकडे समोर असले की तीच मुलं नवी चप्पल पुढच्या महिन्यावर ढकलायला आपणहून तयार होतात. बेरीज-वजाबाकी येते ती वेगळीच.

निघण्याआधी तिघांचे जन्मदाखले आणि मोठ्याचा शाळा सोडल्याचा दाखला हातात घेतल्याशिवाय गाडीत बसू नकोस. जन्मतारीख असो की जातीचा दाखला, आपल्याकडे सगळं त्या कागदावर येऊन अडतं, आणि नंतर मुंबईला हेलपाटे घालायचे म्हणजे गाडीभाड्यात महिन्याचं शिक्षण जायचं. घर मी झाडून ठेवते. पडवीत उजेड चांगला येतो, चटई तिथेच घालू.

जावयांना आणि मुलांना आशीर्वाद सांग.

तुझी,
मावशी