शिव्यांची टक्केवारी

बँडमधलं सगळ्यांत अवघड वाद्य कोणतं, असं विचारलं तर कोणी सॅक्सोफोन म्हणेल, कोणी ढोलकी म्हणेल. माझ्या मते सगळ्यांत अवघड वाद्य म्हणजे आयोजक. कार्यक्रमाच्या आधी ते वाटेल त्या सुरात गोड वाजतं. कार्यक्रम संपून 'पैसे' या सुरावर आलं की एकाएकी आवाजच फुटत नाही. हे वाद्य वाजवणाऱ्या माणसाला मॅनेजर म्हणतात. तो स्टेजवर दिसत नाही, त्याला टाळ्या पडत नाहीत, आणि तरी त्याच्यावाचून बाकीच्यांचं काही वाजत नाही.

माझा स्वतःचा संगीताशी संबंध टाळीपुरता. पण मुंबईच्या उपनगरात राहणाऱ्या माणसाला ऑर्केस्ट्रा टाळता येत नाही. गणपती टळले तर नवरात्र गाठतं, नवरात्र टळलं तर सोसायटीचं संमेलन. शिवाय पार्ल्याचं दीनानाथ, मुलुंडचं कालिदास आणि बोरिवलीचं प्रबोधनकार ठाकरे ही नाट्यगृहं आहेतच. त्यांच्या मागच्या दाराशी चहा पीत उभं राहिलं, तर आतल्यापेक्षा जास्त करमणूक होते आणि तिकीटही लागत नाही. वादक मंडळी तिथं सुरांविषयी अवाक्षर काढत नाहीत. बोलतात ती मॅनेजरविषयी. त्यांच्या बोलण्यात दोन वाक्यं नेहमी येतात: 'माणूस चांगला आहे' आणि 'मॅनेजर चांगला आहे'. ही दोन्ही वाक्यं एकाच माणसाबद्दल मात्र क्वचितच ऐकू येतात. मोठमोठ्या तत्त्वज्ञांनी ज्यावर ग्रंथ लिहावेत असा हा प्रश्न कटिंग चहाबरोबर फुकट मिळतो: चांगला मॅनेजर म्हणजे काम चांगलं करणारा, की वागायला चांगला?

या धंद्यातले दोन शब्द आधी सांगून ठेवतो. कार्यक्रम ठरून विसार हातात पडला की 'सुपारी घेतली' म्हणतात. दचकू नका. शुभकार्याचं बोलावणं सुपारी देऊन करायचं ही आपली जुनी रीत. आजही नारायणगावला तमाशाच्या फडांच्या राहुट्या पडतात आणि गावोगावची पंचमंडळी तिथं येऊन यात्रेची सुपारी देऊन जातात. दुसरा शब्द 'नाइट'. एका कार्यक्रमाचं मानधन म्हणजे एक नाइट. कार्यक्रम सकाळी अकराला असला तरी नाइटच.

तर माझ्या पाहण्यातले पहिले मॅनेजर बोरिवलीचे. जिभेवर साखर, खिशात डायरी आणि डायरीत एकही तारीख कोरी नाही. एका रविवारी त्यांनी दुपारी चारची सुपारी मुलुंडची घेतली आणि रात्री साडेआठची बोरिवलीची. नकाशावर ही दोन गावं शेजारी शेजारी आहेत. मध्ये फक्त बोटभर हिरवा रंग. त्या हिरव्या रंगाला संजय गांधी राष्ट्रीय उद्यान म्हणतात. त्यात विहार आणि तुळशी असे दोन तलाव आहेत आणि बिबटे आहेत. बिबट्यांना संगीताची आवड असल्याचं अजून ऐकिवात नाही. त्यामुळे वादकांनी मध्य रेल्वेनं दादरला यायचं, गर्दीतून पूल ओलांडायचा आणि पश्चिम रेल्वेनं पुन्हा तेवढंच वर जायचं. तेही ड्रम आणि की-बोर्ड घेऊन. मंडळी पोहोचली तेव्हा साडेनऊ वाजले होते आणि पब्लिकनं स्वतःचाच कार्यक्रम सुरू केला होता. गायिका बिचारी शिट्ट्यांच्या साथीवर पहिलं गाणं गायली. मॅनेजर कुठं होते? ते पुढच्या सुपारीची बोलणी करायला अंधेरीला गेले होते. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "मी या पोरांना आधीच सांगितलं होतं, लवकर निघा म्हणून!"

दुसरे मॅनेजर अंधेरीचे. हा संतमाणूस. विसार मागायची त्यांना लाज वाटे. "अहो, विश्वासावर जग चाललंय," असं म्हणत. एका नवरात्रात दुसऱ्याच गाण्याला पाऊस कोसळला आणि मैदानाचं तळं झालं. आयोजक म्हणाले, "साहेब, आमचं फार नुकसान झालं हो, समजून घ्या." साहेबांनी समजून घेतलं. एक पैसा घेतला नाही. आयोजकांचे डोळे भरून आले. अकरा वादकांचेही भरून आले, पण निराळ्या कारणानं. त्यांतला ऑक्टोपॅडवाला मला म्हणाला, "मोठ्या मनाचा माणूस आहे, यात वादच नाही. फक्त मन त्यांचं आणि खिसा आमचा." उदार व्हायचं तर पैसे आपले असावे लागतात, ही गोष्ट पुष्कळ सज्जनांच्या लक्षात राहत नाही. तेव्हा नुसत्या चांगुलपणानं भागत नाही. हिशेब न येणारा सज्जन आणि हिशेब फार येणारा लबाड, यांच्या पदरी असलेल्या वादकाला महिनाअखेर उधारीच करावी लागते.

हा प्रश्न उपनगरातच अडकलेला नाही. तिकडे अमेरिकेत एल्विस प्रेस्लीचा मॅनेजर 'कर्नल' टॉम पार्कर होता. हा कर्नल लढाईतला नव्हे. ती एका गव्हर्नरानं दिलेली मानाची पदवी. मूळचा हा हॉलंडमधल्या ब्रेडा गावचा, आणि अमेरिकेत कागदपत्रांवाचूनच शिरलेला. धंद्यात मात्र वाघ. पण पुढं पुढं एल्विसच्या मिळकतीतला निम्मा वाटा घेऊ लागला. सगळं जग ज्याच्यावर फिदा होतं, त्या एल्विसचे देशाबाहेरचे जाहीर कार्यक्रम किती झाले? १९५७ साली कॅनडात तीन गावांत झाले तेवढेच. मॅनेजरकडे पासपोर्ट नव्हता, म्हणून गायक घरी बसला, असं पुष्कळ जण मानतात. १९७३ साली तर पार्करनं एल्विसच्या जुन्या रेकॉर्डांची रॉयल्टी कंपनीला चोपन्न लाख डॉलरला कायमची विकून टाकली. चार वर्षांनी, बेचाळिसाव्या वर्षी एल्विस गेला. रेकॉर्डं अजून खपताहेत.

उलट इंग्लंडातला ब्रायन एप्स्टाइन. लिव्हरपूलला वडिलांच्या दुकानात रेकॉर्डविभाग सांभाळणारा तरुण. नोव्हेंबर १९६१ मध्ये एका तळघरात त्यानं बीटल्सना ऐकलं. ही पोरं स्टेजवरच खायची, सिगरेटी ओढायची. यानं त्यांना सूट शिवले, गाणं संपल्यावर कमरेत वाकायला शिकवलं, आणि त्यांच्या टेपा घेऊन लंडनच्या कंपन्यांचे उंबरे झिजवले. डेकानं 'नको' म्हटलं तो नकार याच्या तोंडावर आला. हिशेबात मात्र हा आपल्या अंधेरीकरांचाच भाऊ. बीटल्सच्या नावानं विग, बाहुल्या, बिल्ले विकायचा हक्क त्यानं अशा करारानं दिला, की पहिल्यांदा नव्वद टक्के दुसऱ्याला आणि दहा टक्के यांना! पण जानेवारी १९६२ च्या पहिल्या करारावर त्या चौघांनी सह्या केल्या आणि एप्स्टाइननं स्वतःची सही केलीच नाही. पोरांना पुढंमागं सोडून जावंसं वाटलं तर मोकळं असावं, हा हेतू. १९६७ मध्ये बत्तिसाव्या वर्षी तो गेला आणि तीन वर्षांत बीटल्स फुटले. मोकळ्या दारातून तो असेपर्यंत कोणी गेलं नव्हतं.

हे सगळं वाचलं तरी माझा निकाल लागला तो मुलुंडच्या मॅनेजरांना पाहून. वादक त्यांना काका म्हणतात. चेहरा सदा एरंडेल प्यायल्यासारखा. विसार पुरा हातात पडल्याशिवाय टेम्पोत तबलासुद्धा चढू देत नाहीत. घाटकोपरला एका मैदानात कार्यक्रम ऐन रंगात आला होता. २००० सालच्या नियमांप्रमाणे उघड्यावरचा लाउडस्पीकर रात्री दहाला बंद व्हायला हवा. वर्षातल्या मोजक्या दिवशी सरकार बारापर्यंत सूट देतं, पण तो दिवस त्यांतला नव्हता. दहाला दोन मिनिटं असताना कार्यकर्ते गायकाभोवती जमले. "एकच गाणं, पोलीस आपल्या ओळखीचे आहेत!" गायक गोंधळला. नाही म्हणावं तर पब्लिक खवळणार, हो म्हणावं तर पोलीस. काका उठले, साउंडवाल्याकडे गेले आणि स्वतःच्या हातानं बटण बंद केलं. मग माइकशिवाय ओरडले, "बंद मी केलंय! काय बोलायचं ते मला बोला!" लोक बोलले. घाटकोपरला मराठी, गुजराती, हिंदी अशा तिन्ही भाषा चालत असल्यामुळे कशाची उणीव राहिली नाही. तेवढ्यात गायक आणि वादक मागच्या बाजूनं टेम्पोत बसले होते.

आयोजकांनी रागानं उरलेले पैसे बुडवले. काकांनी विसारातून आधी सगळ्यांच्या नाइट चुकत्या केल्या. स्वतःच्या पंधरा टक्क्यांच्या जागी उरले टेम्पोभाड्यापुरते. मी म्हटलं, "काका, तुम्हाला काय मिळालं?" ते म्हणाले, "शिव्या मिळाल्या की! त्यात कोणाला वाटा देत नाही मी."

माझ्यापुरता प्रश्न तिथं सुटला. मॅनेजरनं पैशात किती टक्के घ्यावेत, याबद्दल दुमत होऊ शकेल. दहा घ्या, पंचवीस घ्या. शिव्यांत मात्र शंभर टक्के त्याचेच असले पाहिजेत. वाईट मॅनेजर हे गणित उलटं मांडतो. आणि संतमाणूस शिव्याही घेत नाही, पैसेही घेत नाही. तो फक्त आशीर्वाद घेतो.

हल्ली टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धांमुळे घरोघर नवे मॅनेजर तयार झाले आहेत. त्यांना आई-बाबा म्हणतात. सात वर्षांच्या गायिकेचा क्लास, ड्रेस, ऑडिशन सगळं तेच बघतात. काका भेटले तर त्यांनी दोनच गोष्टी विचाराव्यात. सूर चुकला तर बोलणी कोण खाणार? आणि उद्या पोरगी म्हणाली, "बाबा, मला नाही गायचं," तर करारावर आपली सही आहे की जागा कोरी आहे?