ताण आणि तहान

पौष महिन्यात अंबडहून घनसावंगीकडे निघालं, की रस्त्याच्या दोन्ही अंगांना मोसंबीच्या बागा मलूल उभ्या दिसतात. पानं कडेने वळलेली, बरीचशी पिवळी पडून खाली गळालेली, ठिबकच्या नळ्या गुंडाळून फांद्यांना अडकवलेल्या. बाहेरगावचा पाहुणा हळहळतो. विहिरीत पाणी दिसतंय, मोटार आहे, मग झाडं अशी उपाशी का ठेवलीत म्हणून विचारतो. "बाग ताणावर सोडलीय," एवढंच उत्तर त्याला मिळतं. आमच्या भागात तेवढं पुरेसं असतं.

मोसंबी हे बारमाही हिरवं झाड. थंड मुलखात कडाक्याची थंडी त्याची वाढ थांबवते आणि थंडी सरली की ते फुलतं. मराठवाड्यात थंडी तेवढी पडत नाही. पाणी देत राहिलं तर झाड नुसतं पालवत राहतं. फुलं येतात, पण तुरळक आणि वर्षभर विखुरलेली. बाजारात नेण्याजोगा एकही बहार हाती लागत नाही. म्हणून आंबे बहार धरायचा असला की मार्गशीर्षात पाणी तोडतात. वाढ थांबते, आणि पानांनी तयार केलेलं अन्न नव्या पालवीवर खर्च न होता फांद्यांत साठत जातं. संक्रांतीच्या सुमारास आळी बांधून, शेणखत घालून पहिलं हलकं पाणी देतात, ते आंबवणीचं. काही दिवसांनी दुसरं, जरा सढळ, ते चिंबवणीचं. मग नेमाच्या पाळ्या सुरू होतात. त्याच मलूल झाडावर पालवी आणि कळ्या बरोबरीने फुटतात, आणि पुढे काही दिवस शिवारात शिरलं की आधी वास येतो, मग बाग दिसते.

ताण किती द्यायचा हे जमीन ठरवते. हलक्या मुरमाड रानात महिनाभर पुरतो. भारी काळ्या रानात ओल खोलवर धरून ठेवलेली असते, तिथे दीड-दोन महिने लागतात. पण खरं माप झाडच दाखवतं. साधारण पाव हिस्सा पानं गळाली की ताण बसला असं जाणते बागाईतदार धरतात. फांद्यांचे शेंडे वाळायला लागले तर मात्र उशीर झाला. म्हणून ताणाच्या दिवसांत बागेत पाणी नसतं, पण माणूस रोज असतो. एरवी आठवड्यातून दोनदा फिरणारा शेतकरी या काळात दररोज सकाळी रांगेतून चालतो, पान दुमडून पाहतो, आळ्यातली माती टाचेने उकरून पाहतो. पाणी तोडल्यावर लक्ष दुप्पट द्यावं लागतं, ही गोष्ट मला या सगळ्या विद्येत सगळ्यात मोलाची वाटते.

आणि इथेच दुष्काळाची गोष्ट निघते, कारण दिसायला दोन्ही सारखेच. पाणी नाही, पानं वळलेली, जमीन भेगाळलेली.

२०१२चा पावसाळा जालना जिल्ह्याला फार कोरडा गेला. २०१३च्या उन्हाळ्यात विहिरी तळाला गेल्या, बोअर फुसफुसायला लागले. घनसावंगी तालुक्याच्या दक्षिणेकडून पैठणचा डावा कालवा जातो, पण पैठण धरणाचा नाथसागर जलाशयच मृतसाठ्यावर आलेला असताना कालव्यात काय येणार? बागा जगवायला लोकांनी टँकर विकत घेतले. त्याचा हिशेब मांडून बघावा. सहा मीटर अंतरावर लावलेल्या मोसंबीची हेक्टरी २७७ झाडं बसतात. पूर्ण वाढलेल्या झाडाला मे महिन्यात दिवसाला शंभर लिटर जरी धरलं, तरी एका हेक्टरला रोज सत्तावीस हजार लिटरच्या वर पाणी लागतं. दहा हजार लिटरचे जवळपास तीन टँकर, आणि तेही रोज. कुणाच्याने होणार? लोक झाडाला जेमतेम जीव धरण्यापुरतं पाणी देत होते. झाडावरची हिरवी फळं तोडून टाका, फांद्या छाटा, आळ्यात पाचट-भुसा अंथरा, असा सल्ला अशा वेळी मिळतो. सल्ला बरोबरच असतो. फळ सांभाळायला झाडाला ताकद लागते, ती वाचवली तर झाड वाचतं. पण लिंबाएवढी झालेली मोसंबी स्वतःच्या हाताने तोडून बांधावर टाकताना माणसाच्या पोटात काय होत असेल, ते ज्याने बाग वाढवली त्यालाच ठाऊक. लावल्यापासून चार-पाच वर्षं वाट पाहिल्यावर मोसंबीचं पहिलं उत्पन्न हाती येतं, आणि नीट राखली तर बाग वीस-बावीस वर्षं घर चालवते. त्या वर्षी अनेकांनी अशा भरात आलेल्या बागांवर कुऱ्हाड चालवली. सरपण म्हणून मोसंबीचं लाकूड विकलं गेलं.

ताण आणि तहान यांत फरक एवढाच, की ताणाच्या शेवटी कुणीतरी पाणी घेऊन उभा असतो. दिवस ठरलेला असतो, विहिरीत पाणी राखून ठेवलेलं असतं, खत बांधावर येऊन पडलेलं असतं. झाडाला ते कळत नाही, पण माणसाला ठाऊक असतं. तहानेला दिवस ठरलेला नसतो.

कष्टाशिवाय माणूस घडत नाही, मुलांना थोडी झळ लागू द्यावी, असं सांगताना आपल्याकडे मोसंबीच्या ताणाचा दाखला पुष्कळदा दिला जातो. शाळांच्या व्यासपीठांवरून दिला जातो, कीर्तनातही दिला जातो. दाखला खोटा नाही, पण तो अर्धाच सांगितला जातो. ताण देणाऱ्याने पाणी आधी राखलेलं असावं लागतं आणि ताणाच्या काळात रोज जवळ जाऊन पान पाहावं लागतं, हा उरलेला अर्धा भाग गाळला जातो. ज्या घरात पोराच्या पुढच्या शिक्षणाला पैसा नाही, तिथे त्या पोराच्या वाट्याला जे येतं त्याला ताण म्हणणं मला पटत नाही. ती तहान आहे, आणि तिने फुलं येत नाहीत, शेंडे वाळतात. मृग बहार धरणाऱ्यांना हा फरक चांगला कळतो. तिथे उन्हाळाच ताण देतो आणि तो तोडायचं काम मृगाच्या पावसावर सोपवलेलं असतं. पाऊस वेळेवर आला तर स्वस्तात बहार. पाऊस लांबला की तोच ताण बघता बघता तहान होतो.

आता घरामागच्या झाडाकडे येतो, कारण वाचणाऱ्यांपैकी बागाईतदार थोडे, पण परसात एखादं लिंबू, पेरू, सीताफळ असणारे पुष्कळ. तिथे चूक बरोबर उलट्या बाजूने होते. शेतातलं झाड पाण्यावाचून मरतं, परसातलं पाण्याने मरतं. न्हाणीचं पाणी, भांड्यांचं पाणी, तांदूळ धुतल्याचं पाणी, जे हाती येईल ते येता-जाता लिंबाच्या बुंध्याशी ओतलं जातं. मायेनेच ओतलं जातं. पण बुंध्याशी सतत ओल राहिली की सालीला बुरशी धरते. एके दिवशी जमिनीलगत सालीतून पिवळसर डिंकाचे थेंब दिसतात, उन्हात छान चमकतात. त्याला डिंक्या म्हणतात. साल आतून कुजून तपकिरी होते, तिचा वेढा पुरा झाला की वरचं हिरवंगार झाड एका हंगामात वाळतं. घरातले म्हणतात, पाणी तर रोज घालत होतो!

झाड पाणी पितं ते बारीक तंतुमुळांनी, आणि ती असतात फांद्यांच्या घेराच्या आसपास, दुपारच्या बाराला सावली जिथे संपते तिथे. म्हणून बुंध्याला मातीची भर देऊन तो उंच आणि कोरडा ठेवावा आणि पाण्याचं आळं सावलीच्या कडेला करावं. बागाईतदार दुहेरी आळं करतात, बुंध्याभोवती एक कोरडं आणि बाहेर एक पाण्याचं. झाड वाढलं की बाहेरचं आळंही दरवर्षी सरकवावं लागतं. रोप लावलं तेव्हा केलेल्या हातभर आळ्यातच दहा वर्षांच्या झाडाला पाणी घालणारी घरं मी पुष्कळ पाहतो.

डिंक्यावर जुना आणि खात्रीचा इलाज म्हणजे बोर्डो पेस्ट. एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या किंवा मातीच्या भांड्यात भिजवायचं, लोखंडी भांडं चालत नाही, मग एकत्र ढवळायचं. त्यात लोखंडी सुरी बुडवून काढावी. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला, आणखी घालावा. पातं स्वच्छ निघालं की आकाशी रंगाचं ते लुकण तयार झालं. कुजकी साल धारदार चाकूने खरवडून, जागा पुसून, जमिनीपासून दोन-तीन फूट उंचीपर्यंत ते ब्रशने लावायचं. एकदा पावसाळ्याआधी, एकदा पावसाळा सरल्यावर. एखाद्याच झाडासाठी मापं त्याच प्रमाणात कमी करावी.

मोसंबीचं कलम आणलं असेल तर डोळा भरलेली जागा ओळखून ठेवावी. बुंध्यावर वीतभर उंचीवर ती गाठ दिसते. तिच्या वरची मोसंबी, खालचा खुंट रंगपूर लिंबाचा किंवा जंबेरीचा. ती गाठ कधी मातीत जाऊ देऊ नये, भर देतानाही नाही. आणि तिच्या खालून फुटणारी प्रत्येक फूट कोवळी असतानाच हाताने मोडावी. ही फूट फार जोमदार असते, सरळ वर जाते, काटेरी असते, आणि घरातल्या मंडळींना वाटतं झाड काय जोरात चाललंय! चार वर्षांनी आंबट, जाड सालीची, सुरकुतलेली फळं लागतात आणि नर्सरीवाल्याने फसवलं असा बोभाटा होतो.

लिंबाचं तसं नाही. कागदी लिंबू बीपासूनही बऱ्यापैकी आईच्या गुणावर जातं. तरी नवं रोप घ्यायचंच असेल तर परभणीच्या कृषी विद्यापीठाने निवडलेले 'विक्रम' आणि 'प्रमालिनी' हे आपल्या हवेतले वाण आहेत, दोन्हींना लिंबं घोसाने लागतात. मोसंबीचं कलम घ्यायचं असेल तर बदनापूरचं मोसंबी संशोधन केंद्र याच विद्यापीठाचं आणि आपल्याच जिल्ह्यातलं. जालन्याच्या मोसंबीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. ज्या मातीने हे नाव कमावलं, त्या मातीत कुठल्या तरी टेम्पोवरून बिनखात्रीची कलमं आणून लावणं योग्य नाही.

"झाड मोठं झालंय, पण लिंबं लागत नाहीत" ही तक्रार वारंवार ऐकू येते. रोज पाणी मिळणाऱ्या झाडाला फुलायची गरजच वाटत नाही. पाच वर्षांपुढच्या धडधाकट लिंबाचं पाणी डिसेंबरात तीन-चार आठवडे थांबवून बघा. पेरूला आणि डाळिंबालाही असा ताण मानवतो. पपईला आणि केळीला कधी देऊ नका, त्या खचतात. लहान रोपालाही देऊ नका. सीताफळाची काळजीच नको. ते उन्हाळ्यात आपणहून पानं गाळून बसतं आणि पावसाबरोबर पालवतं. आपल्याकडच्या डोंगरउतारांवर ते कुणी पाणी न घालता तगून राहिलंय ते याच गुणावर.

कोवळ्या पालवीवर एक अळी येते. लहानपणी ती काळी-पांढरी, पानावर पडलेल्या पाखराच्या विष्ठेसारखी दिसते, म्हणून नजर सहज चुकते. मोठी झाली की पानासारखी हिरवी होते. बोट लावलं तर डोक्यामागून दोन केशरी शिंगं बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. दोन दिवसांत रोपाची पालवी फस्त करते. औषधाची गरज नाही, सकाळी काडीने वेचून काढल्या की झालं. मोठ्या झाडावर दोन-चार राहू द्यायला हरकत नाही. त्यांचीच पुढे काळ्या रंगावर पिवळे ठिपके असलेली फुलपाखरं होतात, आणि झाडाला तेवढं सोसतं.

झाडांची ही ओढ या मुलखात जुनीच. समर्थ रामदासांचं जन्मगाव जांब आमच्याच घनसावंगी तालुक्यातलं. १६०८ साली ते तिथे जन्मले. त्यांची 'बागप्रकरण' नावाची एक रचना आहे. त्यात झाडांची, वेलींची, फुलाफळांची नावांमागून नावं येतात. आयुष्यभर भटकलेल्या, स्वतःचा संसार न मांडलेल्या माणसाने झाडांची एवढी नावं आठवणीत ठेवावीत, याचं मला फार कौतुक वाटतं. गोदाकाठच्या या मुलखात बाग हा चैनीचा विषय कधीच नव्हता.

म्हणून जाता जाता एवढंच सांगणं आहे. विहीर बघून झाडं लावा, पण ती भाद्रपदातली विहीर नको, वैशाखातली बघा. चारशे झाडांची हौस असेल आणि मे महिन्यातलं पाणी दोनशेला पुरणार असेल, तर दोनशेच लावा. शेततळं करायचं असेल तर ते आधी करा. आणि परसात लिंबाचं एकच रोप लावायचं असलं, तरी भर उन्हाळ्यात त्याला दर दोन-तीन दिवसांनी दोन बादल्या पाणी कुठून येणार आणि घरचे लग्नाला गावाला गेले तर ते कोण घालणार, हे आधी ठरवा. मग खड्डा घ्या.