अधिकार कसणाऱ्याचा

शास्त्रग्रंथाच्या आरंभी अधिकारी, विषय, संबंध आणि प्रयोजन या चार अनुबंधांचा निर्देश करण्याची आपल्याकडील जुन्या ग्रंथकारांची रीत होती. आणि त्यांत अधिकाऱ्याला अग्रस्थान देण्यामागे त्यांचा अभिप्राय असा होता की, ज्ञान कितीही उदात्त असले तरी ते घेणाऱ्याची पात्रता निश्चित झाल्यावाचून ते फलद्रूप होईल की वाया जाईल हे सांगता येत नाही. ही पात्रता जन्माने येते, अध्ययनाने येते, गुरुकृपेने येते, की केवळ तळमळीने येते, हा वाद आपल्या धर्मेतिहासात शतकानुशतके चालत आला आहे. त्या वादाकडे नव्याने पाहण्याची दृष्टी मला दिली ती 'येस' या इंग्रज वाद्यवृंदाने. त्याच्या संगीतावर मी तरुणपणापासून मनःपूर्वक प्रेम करीत आलो आहे, आणि त्या प्रेमाची कैफियत मांडावयाची तर अधिकाराच्या या प्रश्नाला सामोरे गेल्यावाचून गत्यंतर नाही.

१९६८ साली लंडनमध्ये गायक जॉन अँडरसन आणि बास गिटारवादक ख्रिस स्क्वायर यांनी हा वृंद स्थापन केला. अँडरसन हा लँकेशायरमधील ॲक्रिंग्टन या गिरणगावचा. त्याची शाळा लवकर सुटली, तो शेतावर राबला, त्याने मालमोटार चालविली, आणि अखेर गाण्याच्या ओढीने तो या क्षेत्रात आला. स्क्वायरच्या कानावर बालपणीच चर्चच्या गायकवृंदातील समूहगानाचे संस्कार झाले होते. पुढे गिटारवादक स्टीव्ह हाऊ आणि पियानो, ऑर्गन, मेलोट्रॉन अशा पट्टीवाद्यांवर प्रभुत्व असलेला रिक वेकमन त्यांना येऊन मिळाले. रॉक संगीताची प्रचलित मर्यादा तीन-चार मिनिटांच्या गीताची असताना, त्यात पाश्चात्य अभिजात संगीताचा दीर्घ विस्तार आणि जॅझमधील लयीचे स्वातंत्र्य आणू पाहणाऱ्या ज्या प्रवाहाला 'प्रोग्रेसिव्ह रॉक' हे नाव पडले, त्याच्या अग्रभागी हे कलावंत होते.

१९७२ साली त्यांनी 'क्लोज टू द एज' ही सुमारे अठरा मिनिटांची रचना सिद्ध केली, आणि तिची प्रेरणा होती हेर्मान हेसेची 'सिद्धार्थ' ही कादंबरी. या प्रेरणेचा पूर्वेतिहास मनोरम आहे. हेसेचे मातामह हेर्मान गुंडर्ट हे मिशनरी म्हणून मलबारात राहिले, तेथील भाषेत पारंगत झाले, आणि १८७२ साली त्यांचा मल्याळम्-इंग्रजी कोश प्रसिद्ध झाला. १९२२ साली नातवाची कादंबरी निघाली. आणि बरोबर पन्नास वर्षांनी ती कादंबरी लंडनच्या ध्वनिमुद्रणगृहात नादरूपाने अवतरली. पक्ष्यांच्या कलरवाने आणि पाण्याच्या खळाळाने ही रचना सुरू होते, वाद्यांच्या घनघोर कल्लोळातून जाते, मध्यभागी एका संथ, निर्मळ समूहगानाशी विसावते, तेथून लंडनमधील सेंट जाइल्स क्रिपलगेट या चर्चच्या ऑर्गनचा धीरगंभीर घोष उसळतो, आणि शेवटी पुन्हा तोच कलरव, तोच खळाळ ऐकू येतो. कादंबरीतील नावाड्याला नदीने जे शिकविले, की उगम आणि मुख एकाच क्षणी विद्यमान असतात, ते येथे उपदेशाचा एकही शब्द न वापरता केवळ रचनेच्या आकाराने श्रोत्याला कळते.

परंतु अधिकाराचा प्रश्न ऐरणीवर आला तो पुढच्या वर्षी. मार्च १९७३ मध्ये 'किंग क्रिम्झन' या वृंदातील तालवादक जेमी म्यूर याने एका विवाहसमारंभात अँडरसनला परमहंस योगानंदांचे आत्मचरित्र वाचावयास सुचविले. म्यूर स्वतः त्याच वर्षी संगीत सोडून स्कॉटलंडमधील एका बौद्ध मठात गेला. मराठीत 'योगी कथामृत' म्हणून परिचित असलेला तो ग्रंथ अँडरसनने जपानच्या दौऱ्यात टोकियोतील हॉटेलच्या खोलीत वाचावयास घेतला, आणि त्यातील एका तळटीपेपाशी तो थबकला. श्रुती, स्मृती, पुराण आणि तंत्र असे शास्त्रांचे चार वर्ग तीत सांगितलेले होते. तेवढ्या आधारावर त्याने चार खंडांची एक विशाल रचना कल्पिली. दोन तबकड्यांच्या चार बाजू, प्रत्येक बाजूस एक शास्त्र, आणि एकूण अवधी ऐंशी मिनिटांहून अधिक. 'टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स' या नावाने ती १९७३ च्या डिसेंबरात प्रसिद्ध झाली.

आता पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण बळानिशी मांडला पाहिजे. ज्याला संस्कृत येत नाही, ज्याने गुरुमुखाने एक अक्षर घेतलेले नाही, ज्याने मूळ ग्रंथांपैकी एकही उघडून पाहिलेला नाही, त्याने एका तळटीपेच्या आधारे चारही शास्त्रांना हात घालावा, हे साहस की अविनय? तिसऱ्या खंडात, म्हणजे पुराणांच्या जागी, हिंदी, चिनी आणि मध्य अमेरिकी संस्कृतींच्या शेजारी काल्पनिक ॲटलांटिसलाही आसन मिळाले आहे, आणि सूर्याची निरनिराळ्या भाषांतील नावे एकापाठोपाठ उच्चारली जातात. चौथ्यात तंत्र हे केवळ एक विधी होऊन बसले आहे. शिवाय शब्द इतके दुर्बोध की अर्थाचा थांग लागू नये. हा आक्षेप विद्वेषातून आलेला नाही. ब्रह्मसूत्रांतील अपशूद्राधिकरणात वेदाध्ययनाचा हक्क जन्मावर तोलला गेला, आणि त्याच ठिकाणी शंकराचार्यांना इतिहासपुराणांवर चारही वर्णांचा अधिकार मान्य करावा लागला. तो जन्माधिष्ठित निषेध आणि अध्ययनाची अपेक्षा करणारा हा आक्षेप यांना एका मापाने मोजणे अन्यायाचे होईल. पहिला निषेध आपल्या संतांनी आपल्या जीवनाने खोडून काढला. दुसऱ्याला उत्तर देणे आपणावर आहे.

ते उत्तर शोधण्यासाठी मला पूर्वमीमांसेचा आश्रय घ्यावासा वाटतो, कारण जैमिनीच्या सूत्रांतील सहावा अध्याय सबंधच अधिकारविचाराला वाहिलेला आहे. कर्माचा अधिकारी कोण, याचा निकाल देताना परंपरेने मुख्यतः तीन लक्षणे सांगितली: तो अर्थी असावा, समर्थ असावा आणि विद्वान असावा, म्हणजे फलाची खरी आकांक्षा, कर्म तडीस नेण्याची शक्ती आणि त्या कर्माचे ज्ञान ही तिन्ही त्याच्या ठायी असावीत.

अर्थित्वाविषयी शंकेला जागा नाही. येसला तोवर अमाप लोकप्रियता लाभली होती, आणि ती टिकवावयाची तर मागच्याच वाटेने जाणे सोयीचे होते. त्याऐवजी अँडरसन आणि हाऊ हे दौऱ्यातील कार्यक्रम आटोपल्यावर हॉटेलच्या खोलीत मेणबत्त्या लावून या चार खंडांची जुळवाजुळव करीत बसत. जॉर्जिया राज्यातील सव्हाना येथे तर रात्रभर बसून पहाटेपर्यंत त्यांनी सबंध रचनेचा आराखडा पक्का केला. ब्रिटनमध्ये या तबकड्यांची विक्री अग्रक्रमाला पोहोचली हे खरे, परंतु समीक्षकांनी त्यांवर कठोर प्रहार केले, आणि ते प्रहार आजही संपलेले नाहीत.

सामर्थ्याची साक्ष स्वतः संगीत देते. पहिला खंड श्रुतीचा. त्याच्या आरंभी अँडरसनचा उंच, निष्कलंक आवाज जवळजवळ एकाच स्वरावर स्थिर राहतो आणि पठणाच्या द्रुत गतीने शब्दांमागून शब्द उच्चारीत जातो. हळूहळू इतर कंठ त्याला येऊन मिळतात, स्वर पायरीपायरीने वर चढतो, आणि तो भार असह्य होत असतानाच सारी वाद्ये एकदम उघडतात. ज्याने पहाटे समूहाने चाललेले वेदपठण ऐकले आहे त्याला येथे शब्द अनोळखी वाटतील, उच्चाराची निष्ठा अनोळखी वाटणार नाही. दुसरा खंड स्मृतीचा. त्यात वेकमनच्या मेलोट्रॉनचे स्वर भरती-ओहोटीप्रमाणे येतात आणि जातात. तिसऱ्यात हाऊची स्टील गिटार प्राचीन संस्कृतींच्या भग्नावशेषांतून कर्कश, अस्वस्थ फिरत राहते, आणि मग तोच वादक साध्या तारांच्या गिटारवर इतके कोवळे गीत वाजवितो की आधीच्या सगळ्या धगीचे प्रयोजन उमगते. चौथ्या खंडात स्क्वायरचा बास गिटार स्वतःच गायक होतो. पुढे ॲलन व्हाइटच्या तालवाद्यांचा प्रचंड संग्राम सुरू होतो, ज्यात दुरित आणि निर्मळ प्रेम यांचे युद्ध दाखविण्याचा रचनाकारांचा हेतू होता. आणि तो संग्राम ओसरल्यावर गिटारच्या मोजक्या सुरांवर माणसाचा आवाज पुन्हा हलकेच प्रकट होतो.

राहिली विद्वत्ता, आणि खरी अडचण येथेच आहे. ग्रंथज्ञानाच्या अर्थाने हे कलावंत विद्वान नव्हते, हे निःसंकोच मान्य केले पाहिजे. तंत्र म्हणजे काय हे ज्याला समजून घ्यावयाचे आहे त्याने या तबकडीकडे जाऊ नये. परंतु मीमांसा जी विद्वत्ता मागते ती त्या त्या कर्माच्या अनुष्ठानाला लागणारी. भाष्य लिहिणाऱ्याला व्याकरण, कोश आणि परंपरा यांचे ज्ञान हवे. नादाने उपासना करणाऱ्याला नादाचे ज्ञान हवे. आणि याविषयी खुद्द स्मृतीचाच दाखला आहे. याज्ञवल्क्यस्मृतीच्या प्रायश्चित्ताध्यायात असे सांगितले आहे की, वीणावादनाचे तत्त्व जाणणारा, श्रुति-जातींत निष्णात आणि तालज्ञ असा मनुष्य अनायासे मोक्षमार्गाला लागतो. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने तेराव्या शतकात 'संगीतरत्नाकर' लिहिणाऱ्या शार्ङ्गदेवानेही नादाला ब्रह्मरूप मानूनच आपल्या शास्त्राची उभारणी केली. धर्मशास्त्राने वादकाला दिलेली ही सनद त्याच्या भाषेची किंवा कुळाची अट घालीत नाही. त्याच्या विद्येची आणि अभ्यासाची मात्र घालते. येसने शास्त्रांवर भाष्य केले असे जो म्हणेल त्याचा पराभव निश्चित आहे; त्यांनी शास्त्रांच्या नावाने उपासना केली असे म्हणणाऱ्याची बाजू स्मृतीच्याच आधाराने उभी राहते.

वेकमनचा विचार केल्यावाचून हे विवेचन पुरे होणार नाही. त्याला या कृतीविषयी आस्था वाटली नाही. चार बाजूंना पुरेल इतके सत्त्व या सामग्रीत नाही असे त्याचे प्रामाणिक मत होते, आणि १९७४ च्या मे महिन्यात तो वृंदातून बाहेर पडला. श्रद्धेवाचून केलेले कर्म असत् होय असे गीता सतराव्या अध्यायाच्या अखेरीस सांगते. मग त्याच्याच मेलोट्रॉनने दुसऱ्या खंडाला जी गहनता दिली तिची उपपत्ती कशी लावावयाची? मला वाटते की, सबंध योजनेवर श्रद्धा नसली तरी आपल्या वाद्यावर, आपल्या विद्येवर त्याची श्रद्धा अभंग होती, आणि हातात आलेले काम त्याने त्या श्रद्धेने केले. अर्थित्व नाही हे उमगल्यावर त्याने उपासनेचे सोंग चालू ठेवले नाही, ही त्याची सचोटी मला अँडरसनच्या तळमळीइतकीच आदरणीय वाटते.

माझा सिद्धांत म्हणून इतकाच आहे. महसुली दप्तरात जमीन कोणाच्या नावावर आहे हा एक प्रश्न, आणि ती कोण कसतो हा दुसरा. महाराष्ट्राने कूळकायद्याच्या रूपाने या दुसऱ्या प्रश्नाला न्याय दिला, तो घाम गाळणाऱ्याचा हक्क हा कागदावरील हक्काहून कमी पवित्र नाही असे मानून. शास्त्राच्या बाबतीतही तोच न्याय लागू व्हावा. आपण वारसाहक्काने श्रुति-स्मृतींचे मालक म्हणविणारे लोक. परंतु ज्या वारशासाठी आपण कधी एक रात्र जागलो नाही, त्यावर परक्याने चुकतमाकत का होईना श्रम केले असता त्याला अनधिकारी ठरविण्याचा अधिकार आपणास कोठून येणार? चुका दाखविण्याचे कर्तव्य विद्वानांनी अवश्य बजावावे, कारण चूक ही चूकच असते आणि श्रद्धेने तिचे प्रामाण्य होत नाही. परंतु चूक दाखविणे वेगळे आणि हाकलून देणे वेगळे.

ज्या वाचकाला हे संगीत अपरिचित आहे त्याला माझी विनंती आहे की, त्याने प्रथम 'क्लोज टू द एज' ऐकावे, आणि तेथील शिस्त मनात मुरल्यावरच त्या चार खंडांकडे वळावे; तेही एका बैठकीत एकच खंड, दुसरे कोणतेही काम हाती न घेता. पहिल्या श्रवणात पुष्कळसे निसटून जाईल, काही ठिकाणी विस्तार अनावश्यक वाटेल, आणि एखादे वेळी तो खरोखरच अनावश्यक असेल. तरीही जो श्रोता पुन्हा बसेल, आकांक्षा ठेवील आणि कान तयार करील, त्याच्या ठायी अर्थित्व, सामर्थ्य आणि विद्वत्ता ही तिन्ही लक्षणे याच क्रमाने येऊ लागतील. कारण अधिकार ही आरंभी दाखवावयाची पात्रता जितकी आहे, त्याहून अधिक ती श्रमाअंती मिळणारी प्राप्ती आहे.