बुरुजाचा खर्च आणि डोंगराची माती

बुरूज बांधू इच्छिणाऱ्याने प्रथम बसून खर्चाचा हिशेब करावा, असे आमच्या प्रभूने लोकांस शिकविले (लूक 14:28). उतारावर पोट भरणाऱ्या गरिबापुढेही हाच हिशेब आहे. माती राखावयाची खरी, पण तोवर लेकरांनी खावे काय?

फिलिपाईन्स देशाच्या मिंडानाव बेटावर, बन्सालान येथे, बाप्टिस्ट मिशनरी हॅरल्ड वॉटसन व त्यांचे सोबती यांनी 1978 पासून हा हिशेब शेतातच मांडला. तीन काठ्यांची कैची व तीस टांगलेला दगड, एवढ्यावर त्यांनी समपातळीच्या रेषा आखिल्या आणि चार-पाच मीटरांच्या अंतराने सुबाभळीच्या दाट दुहेरी ओळी पेरिल्या. वाहणारी माती तेथे अडते. छाटलेला पाला खत होतो. दर तिसऱ्या पट्ट्यात कॉफी, केळी. बाकीच्यांत मका व कडधान्य. कॉफी फळास येईपर्यंत मका घर चालवितो. आमच्या मते सारी खुबी येथेच आहे. पुढे 1985 च्या सुमारास किडीने सुबाभूळ नासली, तेव्हा गिरिपुष्पादि दुसरी झाडे लावावी लागली.

खर्च पैशाचा थोडा, अंगमेहनतीचा फार. छाटणी वरचेवर हवी. आणि ज्याच्याकडून पुढल्या वर्षी जमीन काढून घेतली जाईल, त्याने चार वर्षांनी फळणारे झाड कोणासाठी लावावे? त्यास आळशी म्हणणे आम्हांस अन्यायाचे वाटते. मंडळीतील ज्यांची जमीन दुसरा कसतो, त्यांनी पेरणीपूर्वी त्याच्याजवळ बसून, किती वर्षे ती त्याच्याकडे राहील, हे लिहून द्यावे.