जिन्यातील दिव्याचा कर्ता कोण?

एखादे कर्म जेव्हा एकट्या माणसाच्या हातून घडत नाही, अनेकांच्या इच्छा, अनेकांचे प्रयत्न आणि पुष्कळदा अनेकांची उपेक्षाही एकत्र येऊन ते सिद्धीस जाते, तेव्हा त्याचे उत्तरदायित्व कोणाकडे जाते, हा प्रश्न आपल्या धर्मविचाराला फार प्राचीन काळापासून पडलेला आहे. व्यवहारात त्याचा फैसला आपण वडिलार्जित जमिनीच्या वाटणीप्रमाणे करतो. दोघे हिस्सेदार असतील तर निम्मे-निम्मे, चौघे असतील तर चार-चार आणे, आणि हजारो असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला येणारा अंश इतका सूक्ष्म, की त्याची दखल घेण्याचे कारणच उरू नये. ही वाटणी मला मुळातच सदोष वाटते, आणि तिच्यातील दोष ऐरोलीतील कोणत्याही दुमजली रो-हाउसच्या जिन्यात उभे राहून स्पष्ट पाहता येतो.

१९७० साली स्थापन झालेल्या सिडकोने ठाणे खाडीच्या पूर्व काठावर जी नवी वसाहत आखली, तिच्यात जुन्या गावठाणाच्या शेजारी ऐरोलीचे सेक्टर उभे राहिले आणि त्या सेक्टरांत रो-हाउसच्या रांगाही झाल्या. खालची खोली, वरची खोली, मध्ये अरुंद जिना, त्या जिन्यात एक दिवा आणि त्या एका दिव्यावर अंमल चालवणारी दोन बटणे, एक पायथ्याशी व एक माथ्याशी, अशी ही रचना असते. वायरमन तिला जिन्याचे वायरिंग म्हणतो आणि बटणांना टू-वे बटणे. साध्या बटणाला मागे दोन टोके असतात, याला तीन. खालच्या बटणाच्या कॉमन टोकाला फेज येतो आणि दोन जोडतारांपैकी ज्या एकीवर बटण टेकले असेल, तिच्यावाटे वर जातो. वरचे बटण त्याच दोन तारांपैकी एकीशी संधान बांधून असते आणि त्याच्या कॉमन टोकापासून निघालेली तार दिव्याला जाते. दोन्ही बटणांनी एकच तार धरलेली असेल तर दिवा लागतो, भिन्न तारा धरल्या असतील तर विझतो.

याचा परिणाम असा होतो, की घरातील इतर बटणे खाली दाबली म्हणजे चालू हा जो लहान मुलालाही ठाऊक असलेला संकेत, तो जिन्यात लोप पावतो. खाली दाबलेले बटण येथे कधी प्रकाशाचे चिन्ह असते, कधी अंधाराचे. त्याचा अर्थ दुसरे बटण कोणत्या अवस्थेत आहे यावर सर्वस्वी अवलंबून राहतो. ऐरोलीच्याच सेक्टर १५ मध्ये ज्यांचे भव्य स्मारक उभे आहे, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ज्या बुद्धधम्माचा स्वीकार केला, त्यातील प्रतीत्यसमुत्पादाचा सिद्धान्त हेच सांगतो: कोणतीही वस्तू स्वयंभू नाही, प्रत्येक वस्तू अन्य कारणांच्या अपेक्षेने अस्तित्वात येते. नागार्जुनाने ही दृष्टी तिच्या तार्किक टोकापर्यंत नेली.

परंतु येथेच थांबणाऱ्यास एक मोठा मोह पडतो. माझ्या कृतीला स्वतंत्र अर्थच नसेल, तिचे फळ दुसऱ्याच्या कृतीवर अवलंबून असेल, तर दोष तरी माझ्या एकट्याच्या माथी का, असे तो म्हणू लागतो. त्याला त्याच जिन्यातील दुसरे सत्य दाखवावे लागेल. दुसऱ्याने आपले बटण कोणत्याही अवस्थेत ठेवलेले असो, मी माझे बटण दाबले की दिव्याची अवस्था पालटते, आणि त्यात अपवाद नाही. दोन बटणे आहेत म्हणून एकेकाची सत्ता अर्धी झालेली नाही. अर्थ परस्परावलंबी आहे, पण सामर्थ्य दोघांच्याही ठायी संपूर्ण आहे. बुद्धांनीही कार्यकारणाची साखळी उलगडून दाखवली ती मनुष्याला तिच्यात जखडण्यासाठी खास नव्हे. ती तोडता यावी म्हणून दाखवली, आणि चेतनेलाच कर्म मानून जबाबदारीचे ओझे कर्त्याच्या अंतःकरणावरच ठेवले.

उंच इमारतींच्या जिन्यात तर या दोन बटणांच्या मध्ये इंटरमीडिएट नावाचे चार टोकांचे बटण घालतात, जे त्या दोन तारांची कधी सरळ, कधी तिरपी जोडणी करते. अशी बटणे कितीही मजल्यांवर बसवावीत, कोणत्याही एका बटणाची सत्ता तिळमात्र घटत नाही. हिस्सेदारांची संख्या वाढली म्हणजे प्रत्येकाचे उत्तरदायित्व घटते, या समजुतीला याहून सरळ उत्तर मला माहीत नाही.

येथे कोणी विचारील, की समाजाची सर्व कामे जिन्यातील दिव्यासारखी एका बोटाने पालटतात काय? पालटत नाहीत, हे कबूल केले पाहिजे. ऐरोलीच्या पश्चिमेस पसरलेली ठाणे खाडी पाहा. २०१५ साली तिच्या एका भागाला फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला, २०२२ साली रामसर पाणथळ म्हणून तिची नोंद झाली. आणि तरीही भरती ओसरल्यावर खारफुटीच्या वर आलेल्या मुळांत प्लॅस्टिकच्या पिशव्या अडकलेल्या दिसतात, ज्यांचा धनी कोणी नसतो. मी एकट्याने हात आवरल्याने ती खाडी निर्मळ होणार नाही. पण माझ्या हातातील पिशवी त्या पाण्यात जाईल की नाही, या मामल्यात कुलमुखत्यारी माझीच आहे, आणि शेजाऱ्याने काय केले यावर ती यत्किंचितही अवलंबून नाही. बारभाईंच्या कारभारात जे बुडते ते याच मुखत्यारीचे विस्मरण झाल्यामुळे बुडते.

मग दैवाचे काय? अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या मराठी कुटुंबांच्या घरांत याचे उत्तर सुचवणारी एक रचना पाहायला मिळते. तिकडे पुष्कळ खोल्यांच्या छताला दिवाच नसतो. भिंतीतील जोडसॉकेटचा एक अर्धा भाग सदैव जिवंत ठेवतात, आणि ज्यात उभ्या दिव्याची पिन खोचायची तो दुसरा अर्धा भाग, खोलीला दोन दारे असल्यास दोन्ही दारांशेजारच्या बटणांच्या ताब्यात देतात. सॉकेटच्या दोन अर्धांना जोडणारी पितळेची चिमुकली पट्टी दोन्ही बाजूंस असते. कारागीर फेजच्या बाजूची पट्टी पकडीने मोडून काढतो आणि न्यूट्रलच्या बाजूची तशीच राहू देतो. पहिली पट्टी मोडायची राहिली, तर दोन्ही अर्ध सतत जिवंत राहतात आणि भिंतीवरील बटणे निरर्थक होतात. प्रारब्ध आणि क्रियमाण यांचा संबंध मला असाच दिसतो. आयुष्याचा एक भाग आपल्या बोटांच्या आटोक्याबाहेर आहे, जन्म, कुल, काल यांनी तो आधीच ठरवलेला आहे. दुसरा आपल्या स्वाधीन आहे. या दोहोंमधील पट्टी ज्याने मोडली नाही, तो सर्वच दैवाच्या खात्यावर मांडतो आणि त्याचा पुरुषार्थ निष्फळ होतो. परतीची पट्टी मात्र अखंड ठेवायची असते, कारण दोन्हींचा प्रवाह अखेर एकाच मार्गाने माघारी जातो. ईश्वरनिष्ठा आणि पुरुषार्थ यांत विरोध नाही, तो याच कारणाने.

भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, विविध चेष्टा आणि दैव. केवळ आपणच कर्ते आहोत असे मानणाऱ्याची दृष्टी तेथे अपुरी ठरवलेली आहे. त्या दृष्टीने जिन्याकडे पाहिले म्हणजे आणखी एक कर्ता ध्यानात येतो, जो कोणतेही बटण दाबत नाही. तो म्हणजे भिंतीच्या पोटात तारा घालून निघून गेलेला वायरमन. काही ठिकाणी तार वाचवण्यासाठी फेज आणि न्यूट्रल हे दोन्ही दोन्ही बटणांच्या टोकांना जोडतात. अशा वेळी दिव्याच्या दोन्ही अंगांना न्यूट्रल आला तरी तो विझतो आणि दोन्ही अंगांना फेज आला तरी विझतो. डोळ्यांना दिसणारा अंधार एकच. पण पहिल्यात बल्ब निर्धास्त बदलावा, आणि दुसऱ्यात होल्डरला टेस्टर लावला तर तो पेटतो व तेथे हात लावणाऱ्याच्या प्राणावर बेतते. एकेरी बटण फेजवरच असावे, न्यूट्रलवर कदापि नसावे, हा दंडक १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांतच होता. कायदे करणारे, संस्था उभारणारे, रूढी घालून देणारे हे सर्व समाजाच्या भिंतीत तारा घालणारे लोक आहेत. त्यांच्या पश्चात कोणी निरपराध माणसाने केवळ बटण दाबले आणि अनर्थ झाला, तर त्या अनर्थाचे कर्तृत्व त्यांना चुकत नाही.

म्हणून सामाईक कर्माच्या प्रसंगी माझा हिस्सा किती, हा हिशेब मांडत बसण्यात धर्म नाही. माझ्या आधी कोणी काय करून ठेवले हे पाहावे, कारण माझ्या कृतीचा अर्थ त्यावरून ठरतो. माझ्या स्वाधीन काय आहे आणि काय नाही याचा निवाडा प्रामाणिकपणे करावा. आणि जे स्वाधीन आहे ते दुसऱ्याची वाट न पाहता करावे. पाप आणि पुण्य यांची वाटणी केल्याने भाग पडतात, पण प्रत्येक भाग मूळच्याइतकाच मोठा राहतो, अशी माझी दृढ श्रद्धा आहे.