बारा व्होल्टांपाशी थोडा वेळ

लॅमिंग्टन रोडवर चहाच्या पैशांत 7812 मिळतो. तीन पाय जोडले की बारा व्होल्ट हजर. आज तो डबीतच राहू दे. समोर सुटे भाग मांडा: 2एन3055, त्याला चालवणारा बीडी139, एक बीसी547, 6.2 व्होल्टचा झीनर, थोडे रेझिस्टर.

घाई नको. कपॅसिटरवर अठरा व्होल्ट आहेत, हवेत बारा. मधले सहा 2एन3055ने अंगावर घ्यायचे. एक ॲम्पियरला सहा वॉट, निव्वळ उष्णता. हीटसिंकला हात लावून बघा. विजेच्या काटकसरीची फार हौस असेल, तर इथूनच परत फिरलेलं बरं.

आता बीसी547कडे वळा. एमिटर झीनरवर टेकलेला. बेसवर आउटपुटचा वाटा येतो: वर 7.5 किलोओहम, खाली 10. झीनरचे 6.2 आणि बेस-एमिटरचे साधारण 0.65, मिळून 6.85. त्याच्या पावणेदोन पट बारा. हा हिशेब एकदा कागदावर, सावकाश करा.

नुसत्या बीसी547वर बोट ठेवा. मीटरवरचा शेवटचा आकडा खाली सरकू लागेल. अंशामागे त्याचे सुमारे दोन मिलिव्होल्ट कमी होतात. या झीनरचे जवळपास तेवढेच वाढतात. म्हणून दोघांना अंगाला अंग लावून बसवा, हीटसिंकपासून लांब.

आता लोड लावा आणि थांबा. आउटपुट जरासं दबलं. बेसवरचा वाटा घटला, बीसी547 थोडा ढिला पडला. तो स्वतःकडे ओढत होता त्यातला करंट बीडी139च्या बेसकडे वळला, 2एन3055 अधिक उघडला. हे मनात दोनतीनदा फिरवा, कारण खरी गोम पुढे आहे. मीटर 11.95च्या आसपास थांबतो, बारावर परत येत नाही. येईल कसा? आउटपुट पुरतं बारा झालं, तर बीसी547 पुन्हा आधीइतकाच करंट ओढून घेईल, आणि लोडला लागणारा जादा करंट द्यायला 2एन3055ला कुणी सांगणारच नाही. ती उणीव आहे, तोवरच तो उघडा आहे.

प्रीसेट घालून ती भरून काढायचा मोह होईल. काढा खुशाल. लोड सोडवलात की मीटर 12.05 दाखवेल.